भिंतीवरची सही आणि पुढचे दार

दरवर्षी जूनचा मध्य उलटला की आपल्या इथल्या गल्ल्यांतून एक गंमत दिसू लागते. एखाद्या घराच्या दर्शनी भिंतीवर लाल-पांढरा-निळा डच झेंडा लागतो आणि झेंड्याच्या काठीला शाळेचे जुने दप्तर लटकत असते. आम्ही या देशात आलो त्या पहिल्या वर्षी माझ्या पत्नीला वाटले, कुणाचे तरी दप्तर हरवले असावे आणि ज्याला सापडले त्याने ते सगळ्यांना दिसावे म्हणून टांगून ठेवले असावे. शेजारच्या आजीबाईंनी हसत हसत उलगडा केला. त्या घरातले मूल शालान्त परीक्षा पास झाले, आता दप्तराचे काम संपले! आपल्याकडे पेढे वाटतात, इथे दप्तर टांगतात. भावना एकच.

डच माणूस एरवी समारंभाचा भोक्ता नाही. वाढदिवसाला एक कप कॉफी आणि केकचा एक तुकडा यावर तो भागवतो. पण विद्यापीठाच्या पदवीचा प्रश्न आला की हाच माणूस एकदम जुन्या वळणाचा होतो. मी डेल्फ्टला पीएच.डी. केली तेव्हाचा प्रसंग मला अजून लख्ख आठवतो. समोर झगे घातलेले प्राध्यापक, माझ्या दोन्ही बाजूंना काळ्या पोशाखातले दोन मित्र. या मित्रांना 'परानिम्फ' म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ लग्नातला नवरदेवाचा सोबती, म्हणजे आपला करवलाच. प्रबंधाबरोबर काही विधाने छापून द्यावी लागतात, आणि त्यांतली काही प्रबंधाशी अजिबात संबंध नसलेली असावीत असा रिवाज आहे. नुसता विषयातला किडा नको, चौफेर विचार करणारा माणूस हवा, हा त्यामागचा हेतू. तासभर प्रश्नांची सरबत्ती झाली आणि दार उघडून विद्यापीठाचा चोपदार आत आला. त्याने हातातली काठी जमिनीवर आपटली आणि लॅटिनमध्ये घोषणा केली, 'होरा एस्ट', म्हणजे 'वेळ झाली'. आपल्या ज्योतिषातला 'होरा' हा शब्दही ग्रीकांकडूनच आलेला, त्यामुळे तो ऐकताना मला क्षणभर पुण्याच्या घरातले पंचांग आठवले.

पदवीच्या प्रथांमध्ये मला सर्वांत आवडते ती मात्र लायडनची. रापेनबुर्ख कालव्याच्या काठी विद्यापीठाची जुनी इमारत आहे. तिथे एक अगदी लहानशी खोली आहे, तिचे नाव 'झ्वेटकामर्त्ये', सरळ मराठीत 'घामाची खोली'. परीक्षेच्या निकालाची वाट पाहत विद्यार्थी इथे घाम गाळत बसत. पदवी मिळाली की या खोलीच्या भिंतीवर सही करायची. पिढ्यान् पिढ्यांच्या सह्यांनी भिंती भरून गेल्या आहेत. बेआट्रिक्स राणी आणि विलेम-अलेक्झांडर राजे यांच्याही सह्या तिथे आहेत, आणि त्यांच्या आसपास शेकडो अनोळखी नावे. राजा असो वा रंक, भिंत एकच.

काही वर्षांपूर्वी या भिंतीवर एक सही माझ्यादेखत झाली. सोलापूरकडचा एक मुलगा, संगणकशास्त्रात एम.एस्सी. झालेला. आई-वडिलांना व्हिसा मिळायला उशीर झाला म्हणून घरची माणसे म्हणून आम्ही दोघे गेलो होतो. त्याने देवनागरीत सही केली, आम्ही फोटो काढले, तिकडे सोलापुरात पेढे वाटले गेले. परत येताना आगगाडीत तो म्हणाला, "काका, आता पुढे काय?" मी म्हणालो, "अरे, आता सगळे जग तुझे!" असे म्हणायची पद्धत आहे म्हणून मी म्हणालो. या मुलाची हकीकत शेवटी सांगतो. पण त्याच्या प्रश्नाने मला इतिहासाची पाने उलटायला लावली. पदवी मिळाल्यावर पुढे नेमके काय होते? संधी, संधी म्हणतात ती कुठे असते? पदवीच्या कागदात, की आणखी कुठे?

लायडनचे विद्यापीठ १५७५ सालचे. आदल्या वर्षी ३ ऑक्टोबरला शहराचा स्पॅनिश वेढा उठला होता आणि उपासमारीने लोक मेटाकुटीला आले होते. ऑरेंजच्या विल्यमने नागरिकांना विचारले, तुम्हाला करमाफी हवी की विद्यापीठ, आणि लोकांनी विद्यापीठ मागितले, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, शिवाजी महाराजांच्या जन्माच्या पंचावन्न वर्षे आधी हे विद्यापीठ सुरू झाले होते हे मात्र खरे.

आपल्याकडे मुंबई विद्यापीठ स्थापन झाले १८५७ साली, बंडाच्या धामधुमीत. त्याच वर्षी कलकत्ता आणि मद्रास इथलीही. मुंबईचे पहिले बी.ए. बाहेर पडले १८६२ मध्ये आणि ते होते चौघे: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. निफाडला जन्मलेले रानडे आणि मालवणचे भांडारकर यांची नावे आपल्याला शाळेपासून पाठ आहेत. त्या वेळी विद्यापीठाला स्वतःचे सभागृहसुद्धा नव्हते. आज ज्याच्या रंगीत काचा आपण पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो ते दीक्षान्त सभागृह १८७४ साली पुरे झाले आणि राजाबाई टॉवर १८७८ साली.

या पहिल्या पदवीधरांना सगळे जग मोकळे होते का? भांडारकरांचेच पाहा. एल्फिन्स्टन कॉलेजात ते संस्कृतचे प्राध्यापक म्हणून हंगामी काम करत होते. कायम नेमणुकीची वेळ आली तेव्हा १८७३ च्या सुमारास त्या जागी पीटर पीटरसन यांना आणण्यात आले आणि भांडारकरांना त्यांच्या हाताखाली राहावे लागले. संस्कृत ज्यांच्या घरात होते त्यांनी दुय्यम राहायचे! १८८२ साली कीलहॉर्न जर्मनीला परत गेले तेव्हा कुठे डेक्कन कॉलेजची जागा भांडारकरांकडे आली. पुढे १८८५ साली गटिंगेन विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली, आणि १८९३ साली ते ज्या विद्यापीठाचे पहिल्या तुकडीचे पदवीधर त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. रानड्यांची वाटही सरळ नव्हती. सरकारी न्यायखात्यात असताना वासुदेव बळवंतांच्या बंडाच्या काळात त्यांच्यावर संशय घेण्यात आला आणि त्यांची धुळ्याला बदली झाली. ते हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले १८९३ मध्ये, म्हणजे पदवीनंतर एकतीस वर्षांनी.

आपण बहुतेक जण इंजिनिअर, म्हणून आपल्या व्यवसायाचेही थोडे सांगतो. डेल्फ्टची संस्था दुसऱ्या विलेम राजाने १८४२ साली काढली. देशाला स्थापत्य अभियंते हवे होते आणि ईस्ट इंडीजच्या वसाहतीत कारभार पाहायला माणसे हवी होती, तीही तिथेच तयार होत. पुण्याचा इंजिनिअरिंगचा वर्ग १८५४ चा. त्याचे कारणही हेच: सार्वजनिक बांधकाम खात्याला हाताखालची शिकलेली माणसे हवी होती. म्हणजे आधी जागा निर्माण झाली आणि मग ती भरण्यासाठी शाळा निघाली. म्हैसूरकडचे विश्वेश्वरय्या १८८३ साली पुण्याच्या कॉलेजातून पहिले आले आणि लगोलग मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात लागले. हुशारी त्यांची होतीच, पण दार आधीपासून उघडे होते. हुशारी आणि उघडे दार यांची गाठ पडली की खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे तयार होतात. गाठ पडली नाही तर काय होते, ते इतिहासात सहसा लिहिलेही जात नाही.

आता ज्यांच्यासाठी दारच नव्हते त्यांच्याकडे वळू. डच विद्यापीठांत जवळजवळ तीनशे वर्षे बाईला रीतसर प्रवेश नव्हता. १६३६ साली उत्रेख्तला आना मारिया फान स्कुर्मान या विदुषीला व्याख्याने ऐकू दिली, पण पुरुष विद्यार्थ्यांना ती दिसू नये म्हणून आडोशामागे बसवून. १८७१ साली ग्रोनिंगेनजवळच्या सापेमेर गावातल्या एका डॉक्टरच्या सतरा वर्षांच्या मुलीने थेट सरकारप्रमुख थॉर्बेके यांना पत्र घातले, की मला विद्यापीठात शिकायचे आहे. तिचे नाव आलेट्टा याकोब्स. थॉर्बेके यांनी उत्तर पाठवले ते मुलीला नव्हे, तिच्या वडिलांना! परवानगी दिली, पण एका वर्षापुरती. पुढच्या वर्षी थॉर्बेके मृत्युशय्येवर असताना ती परवानगी कायम झाली. आलेट्टा १८७८ साली डॉक्टर झाली आणि ८ मार्च १८७९ रोजी तिने ग्रोनिंगेनला डॉक्टरेट मिळवली. आज आपण महिला दिन पाळतो तीच ही तारीख, योगायोगाने.

पदवी मिळाली, आता सगळे जग तिचे झाले का? अॅमस्टरडॅममध्ये तिने दवाखाना काढला, गरीब बायकांना फुकट तपासले. दुकानांत काम करणाऱ्या मुलींना दिवसभर उभे राहावे लागते आणि त्याने त्यांच्या प्रकृतीची हेळसांड होते हे तिने डॉक्टर म्हणून पाहिले, आणि त्यांना बसायला खुर्ची मिळावी म्हणून वर्षानुवर्षे मोहीम चालवली. १८८३ साली तिने मतदार यादीत नाव घालण्यासाठी अर्ज केला, कारण कर भरणाऱ्या नागरिकाला मत होते आणि ती कर भरत होती. अर्ज फेटाळला गेला. एवढेच नव्हे, १८८७ च्या राज्यघटनेत मतदार हा 'पुरुष'च असेल असे स्पष्ट लिहून टाकले. एका सुशिक्षित बाईने दार ठोठावले म्हणून आतून कडी घातली! ती कडी निघायला १९१९ साल उजाडले. तेव्हा आलेट्टा पासष्ट वर्षांची होती.

ज्या १८८३ साली अॅमस्टरडॅममध्ये हा अर्ज फेटाळला जात होता, त्याच वर्षी ७ एप्रिलला आपली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीत बसली. वय अठरा. 'आनंदी गोपाळ' कादंबरीमुळे तिची कथा घरोघरी पोचली आहे, म्हणून पाल्हाळ लावत नाही. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले आणि स्त्रियांना स्त्री डॉक्टर हवी हे तिच्या मनाने घेतले. अमेरिकेतल्या कार्पेंटरबाईंनी तिला लेकीसारखे घरात ठेवून घेतले. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी ती डॉक्टर झाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम गेल्या होत्या. नऊवारी नेसलेली एक डॉक्टर आणि तिला शाबासकी द्यायला समुद्र ओलांडून आलेली दुसरी मराठी बाई! परदेशातल्या मराठी पदवीदानाचे याहून मोठे चित्र माझ्या डोळ्यांसमोर येत नाही.

आनंदीबाईसाठी तर दारही उघडले होते. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागाची प्रमुख म्हणून तिची नेमणूक केली होती. जागा होती, पदवी होती, इच्छा होती, पण देह थकला होता. त्या थंडीत आणि परक्या अन्नावर तिची प्रकृती ढासळली. १८८६ च्या अखेरीस ती परत आली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेली. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. एकही रोगी तिला कोल्हापुरात तपासता आला नाही. पण तिच्यामागून १८९४ साली रखमाबाई लंडनहून डॉक्टर होऊन आल्या आणि त्यांनी सुरतेत वर्षानुवर्षे रुग्णसेवा केली. आनंदीबाई ज्या दारातून जाऊ शकली नाही, तसल्याच एका दारातून रखमाबाई आत गेल्या.

शेवटचे उदाहरण सांगताना थोडी शरम वाटते, पण सांगितलेच पाहिजे. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कला गेले. कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. १९१५ साली मिळाली, डॉक्टरेटसाठी प्रबंध लिहिला, मग लंडनला शिक्षण सुरू केले. शिष्यवृत्ती संपली म्हणून १९१७ मध्ये परतून, ठरल्याप्रमाणे बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. त्या शहरात एवढ्या शिकलेल्या माणसाला राहायला खोली मिळेना. नाव बदलून एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना तिथून हाकलले. मित्रांच्या घरीही आसरा मिळाला नाही, तेव्हा मुंबईची गाडी धरावी लागली. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. न्यूयॉर्कने आणि लंडनने ज्याला वर्गात बसवले त्याला आपल्या माणसांनी ओसरीवर बसू दिले नाही. पदवी खरी होती, दार बंद होते. पुढे सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठवलेला पैसा, शाहू महाराजांची मदत आणि मित्राचे कर्ज यांवर ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. १९४६ साली त्यांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले. ज्याला धर्मशाळेने बाहेर काढले होते त्याने दुसऱ्यांसाठी कॉलेजचे दार उघडले.

ही सगळी माणसे एका रांगेत उभी केली की एक गोष्ट दिसते. पदवी ज्याची त्याने कमवायची असते, त्यात वाटेकरी नाही. संधीचे तसे नाही. संधी दुसऱ्या कुणाच्या तरी हातात असते: थॉर्बेके यांच्या पत्रात, कार्पेंटरबाईंच्या घरात, सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीत, कोल्हापूर दरबारच्या नेमणुकीत. आणि ज्यांना ती मिळाली त्यांच्यातल्या थोर माणसांनी दार आपल्यामागे ओढून घेतले नाही. भांडारकरांचे नाव आज पुण्यात एका संशोधन संस्थेवर आहे ते उगाच नाही. रानडे हायकोर्टात जाऊन बसल्यावरही, विद्यापीठात मराठीला जागा मिळावी म्हणून अखेरपर्यंत खटपट करत राहिले.

आता त्या सोलापूरकडच्या मुलाकडे येतो. या देशात पदवी घेतलेल्या परदेशी विद्यार्थ्याला 'झूकयार', म्हणजे 'शोधवर्ष', मिळते. २०१६ पासूनच्या नियमाप्रमाणे पदवीनंतर तीन वर्षांच्या आत त्यासाठी अर्ज करता येतो, आणि त्या एका वर्षात वेगळा परवाना न काढता कुठलेही काम करता येते. पुढे 'ज्ञान-स्थलांतरित' म्हणून राहायचे तर ठरलेला किमान पगार देणारी नोकरी हवी, शोधवर्षवाल्यांना त्यात थोडी सवलत आहे. पण कंपनीचे नाव इमिग्रेशन खात्याच्या मान्यताप्राप्त यादीत असावे लागते. पुष्कळ लहान कंपन्या त्या यादीत नसतात, आणि आपल्या मुलांना हे कळते ते मुलाखती होऊन गेल्यावर. शिवाय वर्ष संपले की संपले, ते वाढवून मिळत नाही. त्या अर्थाने हे वर्ष म्हणजे पुन्हा एक घामाची खोलीच, फक्त निकाल सांगायला कुणी येत नाही.

तिसऱ्या महिन्यात त्या मुलाचा मला फोन आला होता. "काका, माझा बायोडेटा जरा बघाल का?" आमच्या प्रकल्पाची शेवटची धावपळ चालू होती. मी म्हणालो, "दिवाळी झाली की निवांत बसू." दिवाळीच्या कार्यक्रमात तो भेटला, त्याने खुर्च्या मांडल्या, फराळ वाढला, पण विषय काढला नाही. मीही काढला नाही. शोधवर्ष संपले तेव्हा तो परत गेल्याचे मला दुसऱ्याकडून कळले. घरच्यांना त्याने शेवटच्या महिन्यापर्यंत काही सांगितले नव्हते. शिक्षणासाठी काढलेले कर्ज होते, वडील निवृत्त झालेले. आता तो पुण्यात एका कंपनीत चांगल्या हुद्द्यावर आहे, त्याचे उत्तम चालले आहे, आणि परत जाणे म्हणजे काही हार नव्हे हे मी त्याला आणि स्वतःलाही अनेकदा सांगितले आहे. पण माझ्या मनातली बोच जात नाही. कंपनीने मान्यताप्राप्त असावे लागते ही माहिती मला होती. ती सांगायला दहा मिनिटे लागली असती. मी इथे आलो तेव्हा माझ्या पहिल्या डच साहेबाने माझे अर्जाचे पत्र स्वतः बसून दुरुस्त केले होते. मी कुणाचे केले?

म्हणून सभासदांपुढे एक सूचना ठेवतो. दरवर्षी आपले मंडळ नव्या पदवीधरांचा सत्कार करते, पुष्पगुच्छ देते, फोटो छापते. ते अवश्य करावे, आनंद साजरा केलाच पाहिजे. पण त्या पुष्पगुच्छाबरोबर एक यादी द्यावी: कोणता सभासद कोणत्या क्षेत्रात आहे आणि महिन्यातली एक संध्याकाळ तो कुणासोबत बसून बायोडेटा वाचायला, नियम समजावून सांगायला, एखादा फोन करून द्यायला तयार आहे. नोकरी लावून देण्याचे आश्वासन नको, ते आपल्या हातात नाही. नव्या मुलांनाही एक सांगणे आहे. डच भाषा शिका, पहिल्या दिवसापासून शिका. इंग्रजीवर वर्ग चालतो, कॉफीच्या टेबलावरच्या गप्पा चालत नाहीत. आणि अडचण आली तर काका-मावशींना पुन्हा फोन करा. आम्ही एकदा विसरलो म्हणजे आम्हाला नको आहे असे नव्हे.

यादीतले पहिले नाव माझे लिहून घ्यावे. संगणक क्षेत्र, गुरुवारची संध्याकाळ. चहा मिळेल.